वंशावळीची वही कोर्टात



पाव मैलाच्या धावेत भल्याभल्यांना मागे टाकणारा, म्हणून ज्याला क्वार्टर हॉर्स म्हणतात, त्या अमेरिकी घोड्याची एक संघटना आहे. स्थापना १९४० ची, कचेरी टेक्सासमधल्या अमारिलो शहरात. तिचं मुख्य काम वंशावळीची नोंदवही राखणं. वहीत नाव नसेल, तर शिंगरू कितीही देखणं असो, बाजारात त्याला भाव येत नाही.

२००३ साली इटलीत पहिला क्लोन घोडा जन्मला. पुढच्याच वर्षी संघटनेनं नियम केला : क्लोनची नोंद होणार नाही. २०१२ मध्ये क्लोन पैदास करणारे कोर्टात गेले. त्यांचा रोख नियमापेक्षा माणसांवर होता. नोंदणी समितीतले काहीजण स्वतःच उंची घोड्यांची पैदास करतात आणि स्पर्धा नको म्हणून दार लावून बसलेत, हा त्यांचा आरोप.

अशा वेळी पदाधिकाऱ्यांचं पहिलं काम कोणतं? आपल्याकडे दावा आला की आधी वकील गाठतात आणि सगळं त्याच्या गळ्यात घालून मोकळे होतात. पण वकील लढणार कशावर? जुन्या इतिवृत्तांवर. बैठकीत कोण काय बोललं, मागणी का फेटाळली, त्यावर. म्हणून नोटीस हाती पडताच एकही कागद, एकही पत्र हलू द्यायचं नाही. अडचणीचं असेल ते तर मुळीच नाही. ज्याचा स्वतःचा धंदा त्या निर्णयात गुंतलाय, त्यानं मतदानाला बसू नये. आणि सभासदांना दाव्याची खबर अध्यक्षांकडूनच कळावी, तबेल्यातल्या गप्पांतून नव्हे; खर्च त्यांच्याच वर्गणीतला असतो!

२०१३ मध्ये ज्यूरीनं कौल संघटनेविरुद्ध दिला. गंमत अशी, की भरपाई एका डॉलरचीही नाही. सुटलो म्हणून कोणी हात झटकले असते. पण क्लोनची नोंद करा, असा न्यायाधीशांचा हुकूम झाला, म्हणजे वहीवरचा ताबाच गेला. संघटना अपिलात गेली.

जानेवारी २०१५ मध्ये वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. संगनमताचा पुरेसा पुरावा नाही; शिवाय संघटना स्वतः घोडे पैदा करत नाही की विकत नाही, मग त्या बाजारात तिची मक्तेदारी कसली, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. समितीत पैदासकारांनी बसावं की नाही, हा प्रश्न मात्र कोर्टानं सोडवायचा नव्हताच. तो संघटनेच्या सभासदांचा.