महामार्गाचा क्रमांक आणि अनोळखी प्रवासी



रस्तेबांधणीत हयात घालविलेल्या अभियंत्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि ते ऋण मान्य करून, पूल, बोगदे व घाटरस्ते हे अशा भाषणांचे रूढ विषय आज बाजूस ठेवून, अंदाजपत्रकाच्या अखेरच्या बाबींत कोठेतरी एका ओळीत उरकल्या जाणाऱ्या एका पत्र्याविषयी मी बोलणार आहे. तो पत्रा म्हणजे महामार्गाचा क्रमांक सांगणारा फलक होय. माझ्या मते तो रस्त्याचा अलंकार नसून अवयव आहे. आणि ज्या रस्त्यावर तो नाही, तो रस्ता पुरा झाला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या देशात रस्त्यांचा अखिल भारतीय विचार सुरू झाला तो मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीपासून. तिच्याच शिफारशीतून १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि पुढे १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी प्रतवारी ठरवून दिली. परंतु प्रतवारी ही दप्तरातील गोष्ट. वाटसरूला ती कळते ती डोळ्यांनी. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा दिसला की राष्ट्रीय महामार्ग, हिरवा दिसला की राज्य महामार्ग, नारिंगी दिसला की ग्रामसडक, एवढे ज्ञान अक्षरशत्रू गाडीवानालाही होते, आणि ते कोणत्याही शाळेने नव्हे, तर दगडाला रंग देणाऱ्या मैलकुलीने त्याला दिले.

क्रमांकाचा फलक मात्र याहून नाजूक काम करतो. ४५० मिलिमीटर रुंद आणि ६०० मिलिमीटर उंच असा आयताकृती पत्रा, पिवळी भूमी, तीवर काळ्या रेषेने आखलेली ढाल आणि ढालीत काळा आकडा, एवढाच त्याचा संसार. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर तोडते. १५ सेंटिमीटर उंचीचा आकडा ढोबळ मानाने ९० मीटरांवरून वाचता येतो, म्हणजे चालकाच्या हाती जेमतेम चार सेकंद येतात. आणि जागा अपुरी पडली म्हणून तोच आकडा १० सेंटिमीटरांवर आणला, तर तीन सेकंदही उरत नाहीत. या चार सेकंदांत त्याने फलक पाहावयाचा, वाचावयाचा, निर्णय घ्यावयाचा आणि मागच्या वाहनाचे भान राखून वळावयाचे असते.

ही अडचण २०१० सालच्या नव्या क्रमांकपद्धतीने अधिकच तीव्र केली आहे. ती पद्धती स्वतः अत्यंत तर्कशुद्ध आहे, आणि तिच्यावर सरसकट टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गांना सम क्रमांक, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. म्हणूनच पनवेलहून कोकण व गोवा ओलांडून दक्षिणेकडे जाणारा पूर्वीचा १७ क्रमांकाचा मार्ग ६६ झाला, आणि पुण्याहून सोलापूर-हैदराबादमार्गे मच्छलीपट्टणला जाणारा ९ क्रमांकाचा मार्ग ६५. तीन आकडी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मूळ मार्ग सांगतात: पालखीमार्ग ९६५ हा ६५ चा, रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग १६६ हा ६६ चा. वारीत रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना जसे क्रमांक असतात आणि त्या क्रमांकावरून दिंडीचे स्थान वारकऱ्याला कळते, तशीच ही व्यवस्था आहे. परंतु वारकऱ्याला रथ कोठे आहे हे ठाऊक असते. आपल्या प्रवाशाला मूळ मार्गाचे नाते कोणीच समजावून दिलेले नाही.

त्यातच ‘९६५ जी’ असा तीन आकडे आणि एक अक्षर यांचा क्रमांक दोन आकड्यांसाठी बेतलेल्या ढालीत कोंबला, तर आकडे चेपले जातात आणि वाचनाचा सारा हिशेब कोसळतो. अमेरिकेने १९२६ साली आपल्या महामार्गांना क्रमांक आणि ढाल दिली, आणि तीन आकडी क्रमांकांसाठी पुढे तिची रुंदी वाढविली. आकडा लहान करण्यापेक्षा ढाल रुंद करावी, हा तेथील धडा आपण निःसंकोचपणे घ्यावा असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. चौकापूर्वी फलक असतो, परंतु चौक ओलांडल्यावर, आपण योग्य मार्गाला लागलो की नाही या शंकेने प्रवाशाचे मन व्यग्र असते नेमक्या त्या वेळी, फलक नसतो. रुंदीकरणाच्या वेळी ठेकेदार जुना खांब उपटतो, तो पुन्हा रोवण्याची तजवीज करारात नसते. उरलेल्या फलकांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटविल्या जातात किंवा सुबाभळीची फांदी आडवी येते. अनेक ठिकाणी दगडावर जुना क्रमांक आणि पत्र्यावर नवा, अशी स्थिती आहे. अपघातानंतर रुग्णवाहिकेला हाक मारणाऱ्या माणसाने यांतला कोणता क्रमांक सांगावा? रात्रीच्या अंधारात, अनोळखी मुलखात, जखमी सोबत्याच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या माणसाला आपल्या खात्याचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही.

म्हणून येथे जमलेल्या प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला आणि उपअभियंत्याला माझी कळकळीची विनंती आहे की, रस्त्याचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी, त्या भागाची मुळीच माहिती नसलेल्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊन, आपण स्वतः रात्री त्या रस्त्यावरून एकदा जावे. केवळ फलकांच्या आधारे त्याला वाट सापडली, तरच देयकावर सही करावी.