ऑफर लेटर आणि आपलं पत्रलेखन

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी कळवलं तेव्हा मी जरा गडबडले. आपल्यातल्या डॉक्टरांकडे किस्से असतात, पोलीस खात्यात गेलेल्याकडे तर असतातच. मी पडले कारखान्याच्या एचआर विभागात. माझं अर्धं आयुष्य पत्रं लिहिण्यात गेलं. त्यातल्याच एका पत्राबद्दल बोलते. नोकरी देऊ केल्याचं पत्र, म्हणजे ऑफर लेटर. त्यात माझी एक चूक झाली होती, ती आज आपल्या माणसांसमोर सांगून टाकते.

तेव्हा मी चाकणजवळच्या एका कारखान्यात होते. कराडकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा आम्ही निवडला. मी नेहमीच्या नमुन्यात त्याचं नाव, पद आणि तारीख घातली आणि पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, सीटीसी वार्षिक ३,६०,००० रुपये. पोरगा खूश. हडपसरची नोकरी सोडून आला, खोली घेतली, डिपॉझिट भरलं.

पहिला पगार झाला त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, माझा पगार चुकलाय का?"

मी कागद काढला. महिन्याचे तीस हजार धरले, तर त्यात कंपनीने भरायचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२०, विम्याचा हप्ता ४८०, आणि वर्षाअखेरीला काम बघून मिळणारा बोनस महिन्याला २,००० या हिशेबाने. हे पाच हजार दरमहा हातात येतच नाहीत. राहिले पंचवीस. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात २३,०००.

मी म्हटलं, "हिशेब बरोबर आहे. पत्रात तीस हजार कुठेच लिहिलेलं नाही."

तो हळूच म्हणाला, "मी भागिले बारा केलं, मॅडम."

आधीच्या ठिकाणी त्याच्या हातात चोवीस हजार पडत होते. म्हणजे बढती समजून तो महिन्याला हजार रुपये कमी घ्यायला आला होता, वर खोलीचं भाडं वेगळं. त्याचा पगार मी वाढवून देऊ शकले नाही. वरिष्ठ म्हणाले, सगळ्यांना हाच नमुना जातो. तीन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. हडपसरची त्याची जागा तोवर भरली गेली होती.

पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. तरी मला त्या रात्री बाईंची आठवण झाली. बाई समोर बसल्यात म्हणून सांगत नाही, खरंच झाली. पत्रलेखन तपासताना बाई मायना, दिनांक, पत्ता बघायच्याच, पण शेवटी विचारायच्या, "हे पत्र ज्याला मिळालं, त्याला काही विचारायला परत पत्र लिहावं लागेल का?" लागणार असेल तर गुण कापले. माझ्या पत्राला बाईंनी शून्य दिलं असतं.

तेव्हापासून मी ऑफर लेटर वेगळं लिहिते. पहिल्याच पानावर पद, कामाची जागा, शिफ्ट, रुजू व्हायची तारीख आणि दरमहा साधारण हातात येणारी रक्कम. सीटीसीचा तक्ता त्याच्या खाली, प्रत्येक ओळीपुढे ते पैसे कधी मिळणार हे लिहून. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं झाल्यावर मिळते. ती पगारासारखी दाखवायची आणि गप्प बसायचं, हे बरं नाही. मग प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस दोन्ही बाजूंनी किती दिवसांची, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं.

दुसरी गोष्ट अटींची. वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांची पडताळणी, आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर, यातलं काय पूर्ण झाल्यावर नोकरी पक्की, ते एकेक करून लिहायचं. "कंपनीच्या नियमांनुसार" एवढं लिहून सोडायचं नाही. कारण समोरचा माणूस आपल्या पत्राच्या भरवशावर हातातली नोकरी सोडतो. शक्य असेल त्या अटी मी आधी पूर्ण करून घेते आणि मगच राजीनामा द्यायला सांगते.

पत्र पाठवल्यावर एक फोन करते. "हातात किती येणार, ते कळलं ना?" एवढंच विचारते. हा आकडा ऐकून दोघा-तिघांनी नकारही दिला. साहेब माझ्यावर चिडले. मला मात्र तो नकार बरा वाटला. तीन महिन्यांनी रिकामी होणारी खुर्ची आधीच कळली.

आपल्या वर्गातले बरेच जण आता वर्कशॉप, दुकानं, दवाखाने चालवतात. चार माणसं कामाला असली तरी पत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पण कायद्याच्या आधी माणसाचा विचार करा. साध्या मराठीत एक पान पुरतं.

आणि ज्यांच्या मुलांना पहिली ऑफर येईल, त्यांनी पेढे वाटायच्या आधी पत्र घेऊन बसा. हातात किती, कधीपासून, कोणत्या अटीवर, हे तीन प्रश्न विचारा. अडलं तर मला फोन करा, आपल्या वर्गाच्या ग्रुपवर नंबर आहेच.

बाई, पत्रलेखनात माझे तेव्हा बरेच गुण कापले गेलेत. आता नमुना घेऊन आले आहे. चहाच्या वेळी दाखवते, तपासून द्या.