उजेड आणि आवाज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेसा विषय घ्यावा, असा संयोजकांचा आग्रह होता. मी सौर दिवा आणि सौर रेडिओ हा विषय कळवला, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाचा यात काय संबंध, असे काहींना वाटले असेल. आम्हा भाषेच्या लोकांना ‘प्रकाश’ हा शब्द रूपक म्हणून वापरण्याची खोड असते. आज मी तो खऱ्या दिव्याच्या अर्थाने वापरणार आहे. गावात दिवेलागणीनंतर किती वेळ वाचता येते हे दिव्यावर ठरते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचा ग्रंथ रेडिओ असतो. म्हणून हे दोन्ही विषय मी माझेच मानतो.

माझ्या पिढीने अभ्यास चिमणीच्या उजेडात केला. सकाळी नाकातून काजळी निघे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. या काजळीचे मोजमाप झाले ते फार उशिरा. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी सात ते नऊ टक्के भाग शुद्ध काजळी होऊन हवेत मिसळतो. आणि एवढे जाळून उजेड किती? चिमणीचा दहाएक ल्युमेन. एका वॅटच्या एलईडी दिव्याचा शंभराच्या आसपास. गरीब माणूस उजेडासाठी श्रीमंताहून महाग मोल देत होता, आणि वर धूर गिळत होता.

यावर उपाय शोधणारे आपल्याकडे होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ नावाचा सुधारित कंदील घडवला. रॉकेल जाळायचेच, तर ते नीट जाळावे, असा तो विचार होता. त्यानंतर सरकारी योजनांतून सौर कंदील आले. त्यांत सात वॅटची नळी आणि शिशाची जड बॅटरी असे. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसे. नवी आणायला तालुक्याला जावे, तर तेथेही मिळेना. मग तो कंदील खुंटीवर टांगलेला राही. सूर्य होता, प्लेट होती, दिवाही होता. तो उघडून पाहणारा हात मात्र गावात नव्हता. माझे आजचे सारे म्हणणे या एका उणिवेविषयी आहे.

रेडिओची कथा याहून जुनी आहे, आणि ती मराठी मुलखातलीच आहे. १९५६ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, त्यावर चर्चा करायची, आणि झालेली चर्चा व शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या. पुढील कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने याचे मूल्यमापन केले, तेव्हा तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढ दिसली नाही. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय असली, तरच ऐकलेले मुरते, एवढे त्या प्रयोगाने दाखवले.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ शेताच्या बांधावर गेला. त्याची अडचण सेलांची होती. मंदावलेले सेल काढून उन्हात ठेवायचे, म्हणजे ते थोडे आणखी चालतात, हा घरोघरचा उद्योग तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सूर्यावर रेडिओ चालवण्याची इच्छा या मुलखात इतकी जुनी आहे! ब्रिटनच्या ट्रेव्हर बेलिस यांनी १९९१ साली चावीचा रेडिओ बनवला. त्यातून पुढे चावी आणि ऊन या दोहोंवर चालणारा संच तयार झाला, आणि तो रवांडामध्ये, आईबाप गमावल्यामुळे स्वतःच घर चालवणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचवण्यात आला.

‘आता हातोहाती मोबाईल आहेत, आणि २०१८ साली देशातील प्रत्येक गावात वीज पोहोचल्याचे जाहीर झाले आहे, मग हे जुनाट विषय कशाला?’ असे कोणी म्हणेल. दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत ठरते, ही त्या घोषणेमागची व्याख्या होती. त्यानंतर घरोघरी जोडण्या झाल्या, हे मान्य. परंतु पावसाळ्यात पैनगंगेकाठी वादळ झाले म्हणजे तार तुटते, मोबाईलही चार्जिंगअभावी मुका होतो. आणि राखणीच्या माचाणावर तार गेलेली नसते. अशा रात्री एक दिवा आणि एक रेडिओ पुरेसा असतो.

तो चालू राहावा म्हणून काय करावे, याचे चांगले उदाहरण मुंबईच्या आयआयटीने घालून दिले. २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रासह चार राज्यांत दहा लाख विद्यार्थ्यांना अभ्यासाचे सौर दिवे देण्याचा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. दिवा फुकट दिला नाही. विद्यार्थ्याने १२० रुपये भरायचे. दिव्यांची जुळणी गावातल्याच माणसांना शिकवली, आणि दुरुस्तीची केंद्रेही त्यांच्याच हाती सोपवली. राजस्थानातील तिलोनिया येथे तर शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीबाई सौर यंत्रांची जोडणी शिकून गेल्या. आवाजाच्या बाबतीत आपल्याच तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर येथे दलित स्त्रियांनी २००८ साली ‘संगम रेडिओ’ सुरू केला. १९५६ ची मंडळे पत्रे पाठवीत होती; या बायांनी ध्वनिक्षेपकच हाती घेतला.

आता भाषेचा प्रश्न, जो माझ्या अधिकारातला आहे. हा जिल्हा तेलुगूचा, मराठीचा, गोंडीचा, कोलामीचा. १९४० च्या दशकात मार्लवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले, कारण इथल्या गोंडांना मराठीची लिपी परिचित होती. मुलाला कळेल त्या बोलीत पहिला धडा, हे तेव्हा उमगले होते. सौर दिव्याच्या खोक्यातील माहितीपत्रक मात्र बहुधा इंग्रजीत असते, आणि हिंदी असलेच तर असे की हिंदीभाषकालाही कोश लागावा. तेच पत्रक वाचून दिवा दुरुस्त करावा, अशी आपण अपेक्षा करतो.

म्हणून या शाळेला माझी विनंती आहे. विज्ञानाच्या खोलीत एक टेबल दुरुस्तीसाठी राखावे; त्यावर मल्टिमीटर, डाग देण्याची सळई, स्क्रूड्रायव्हर असावेत, आणि आठवड्यातून एक दुपार परिसरातील बंद दिवे व रेडिओ तेथे यावेत. नववी-दहावीच्या मुलामुलींनी मराठी, तेलुगू आणि गोंडीत चार पानी पत्रक लिहावे. त्यात ‘ऋणाग्र-धनाग्र’ नको. लाल तार, काळी तार म्हणावे. दिवा मंद झाला तर प्लेटवरची धूळ पुसावी, तारेचे टोक गंजले आहे का पाहावे, मगच बॅटरीकडे वळावे, असा क्रम असावा. पत्रक छापण्याआधी वर्गातील एखाद्या मुलीने ते आपल्या आजीला वाचून दाखवावे, आजीच्या हाती बंद दिवा द्यावा, आणि ज्या शब्दाशी तिचा हात थांबेल त्याखाली रेघ मारावी. त्या रेघा मारलेली प्रत माझ्याकडे पाठवा. मराठी मजकूर मी स्वतः दुरुस्त करून देईन. गोंडीसाठी तुमच्यातल्याच जाणत्यांना बसवावे लागेल.