लिनक्सशी मांडलेला संसार



दिवसभर अंग भाजून काढणारे खानदेशी ऊन आत्ता कुठे उतरले आहे. अशा वेळी अंगणात पाणी शिंपडून बाजेवर पडायचे सोडून आपण येथे येऊन बसलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून शेतकीपर्यंत नाना विषय येऊन गेले. त्यांच्या पंगतीला घरातल्या संगणकाने येऊन बसावे, हे कोणाला थोडे विचित्र वाटेल. परंतु दीपनगरात तसे वाटू नये. ज्या गावाच्या नावातच दिवा आहे आणि ज्याच्या घराघरांतून यंत्रे सांभाळणारी माणसे राहतात, त्या गावात यंत्राची रड सांगायची नाही तर कोठे सांगायची?

आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. मराठी लिहावे, घरखर्चाचा हिशेब ठेवावा, चार पत्रे पाठवावीत, एवढाच आमचा संगणकाशी व्यवहार. परंतु गेली चौदा वर्षे हा व्यवहार आम्ही लिनक्सवर करीत आलो आहोत. या चौदा वर्षांत सुखही झाले आणि मनस्तापही झाला. दोहोंचा प्रामाणिक जमाखर्च आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. संगणकाचे लोखंड आणि आपण वापरतो ती साधने यांच्यामध्ये एक कारभारी असतो. कोणी कोणती कळ दाबली, पडद्यावर काय उमटवायचे, कागद प्रिंटरकडे कसा पाठवायचा, हे सारे तो पाहतो. बहुतेकांच्या घरी हा कारभारी विंडोज नावाचा असतो. लिनक्स हा दुसरा कारभारी. फरक एवढाच की, पहिल्याची वही बंद असते आणि दुसऱ्याची उघडी. ती कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, नक्कल करून शेजाऱ्याला द्यावी.

या उघड्या वहीचा उगम एका प्रिंटरमध्ये आहे, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. च्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तेथील कार्यकर्त्याने विचार केला की, याच्या आज्ञावलीत थोडी भर घालावी, म्हणजे कागद अडकताच सर्वांना सूचना जाईल. जुन्या प्रिंटरवर त्याने तसे केलेही होते. परंतु नव्याची आज्ञावली कंपनीने दिली नव्हती, आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या गृहस्थाकडे ती होती, त्याने ती कोणाला न देण्याचे वचन देऊन टाकले होते. तो नकार स्टॉलमनला झोंबला. १९८३ साली त्याने खुल्या आज्ञावलींचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे कळविले. आपल्याकडे आहे तेवढ्याच जातीच्या डिस्कवर ती चालते, इतर जातींवर बहुधा कधी चालणार नाही, असेही त्याने मोकळेपणाने सांगून टाकले होते. तेव्हा 'आमच्या यंत्रावर हे चालेल काय?' हा प्रश्न लिनक्सच्या बारशापासूनचा आहे.

आमच्या घरी तो पहिल्याच दिवशी उभा राहिला. २०१२ साली आम्ही एका मांडीवरच्या संगणकावर लिनक्स चढविले. अर्ध्या तासात पडदा उजळला, आम्ही हरखलो, आणि मग ध्यानात आले की वायफाय चालत नाही. शोध घेता कळले की, त्या वायफायच्या चकतीसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीच्या तळाशी! शेवटी मोबाइल फोन तारेने जोडला, त्याचे इंटरनेट संगणकाला पाजले, तेव्हा ती चकती जागी झाली.

मग प्रिंटरची पाळी आली. स्वस्त म्हणून घेतलेला प्रिंटर विंडोजवर मुकाट चालत होता. लिनक्सवर तो दिवा लावी, कागद ओढी आणि कोराच बाहेर टाकी. अशा स्वस्त प्रिंटरला स्वतःची अक्कल बेताचीच असते. अक्षर कसे उमटवायचे याचा हिशेब त्याने संगणकावर सोपविलेला असतो, आणि तो हिशेब मांडण्याची रीत फक्त कंपनीला ठाऊक असते. याखेरीज झाकण मिटल्यावर झोपी गेलेला संगणक उघडल्यावर न उठणे, अद्ययावत करण्याच्या रात्रीनंतर सकाळी पडदा काळा राहणे, हेही प्रसंग आले. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा शांतपणे विचारले, "तुम्ही संगणक वापरता की संगणक तुम्हाला?" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता यात दोष कोणाचा? सामान्यतः माणूस म्हणतो की, लिनक्स वाईट. परंतु येथे जमलेल्या अभियंत्यांना आम्ही एक गोष्ट विचारतो. आपल्या केंद्रात नवा पंप येतो, तेव्हा त्याबरोबर त्याचे नकाशे आणि माहितीपुस्तिका आल्यावाचून आपण तो ताब्यात घ्याल काय? नाही घेणार. कारण पंप आज ना उद्या बिघडणार, आणि त्या दिवशी तो उघडून पाहण्याची पाळी आपल्यावर येणार. मग घरासाठी संगणक घेताना त्याच्या आतल्या चकत्यांचा नकाशा आपण कधी मागितला? कोणी मागत नाही, म्हणून पुष्कळ कंपन्या देत नाहीत. त्या आपला ड्रायव्हर विंडोजसाठी लिहितात, कारण गिऱ्हाईक तेथे आहे. लिनक्सच्या कार्यकर्त्यांना मग ती चकती अंधारात चाचपून, कोणती आज्ञा दिल्यावर ती काय करते याची टिपणे करून, ड्रायव्हर रचावा लागतो. म्हणून तो उशिरा येतो आणि कधी कधी अर्धा येतो. पडद्यावरील चित्रांच्या चकत्या करणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीवर टॉरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधील जाहीर सभेत चारचौघांत न शोभणारे शब्द उच्चारले, ते याच वैतागातून. दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला. म्हणजे मागत राहिले की मिळते, पण फार उशिरा मिळते.

तथापि सगळा दोष कंपन्यांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. लिनक्सच्या मंडळींचाही त्यात वाटा आहे. डेबियन, उबंटू, फेडोरा, मिंट असे त्यांचे किती संप्रदाय, याची गणती नाही. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीपासून पाहिले तर पंढरीच्या वाटेवरही दिंड्या अनेक असतात, पण त्या सर्वांना एकादशीला एकाच ठिकाणी पोहोचायचे असते. येथे मात्र प्रत्येक दिंडी आपले मुक्कामाचे गावच वेगळे ठरविते. नवखा माणूस विचारायला गेला तर एक म्हणतो हे घे, दुसरा म्हणतो ते टाक, आणि तिसरा म्हणतो की आधी वाचून ये. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा विशिष्ट नकाशा-साधनावर पोट असलेल्या अभियंत्याला 'तुम्ही लिनक्सच घ्या' असे सांगणे हा उपदेश नव्हे, उपद्रव आहे.

मग आम्ही चौदा वर्षे का टिकलो? त्याचे कारण आमच्या वडिलांची वही.

आमच्या वडिलांनी २००३ साली आपल्या आठवणी एका ओळखीच्या माणसाकडून टाईप करून घेतल्या. फाईल जपून ठेवली. वडील गेल्यावर काही वर्षांनी आम्ही ती लिनक्सवर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा पसरला. तो लिनक्सचा दोष नव्हता. विंडोजच्या नव्या संगणकावरही तोच कचरा दिसला. त्या काळी मराठीचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. दिसायला 'क', पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर. फाँट गेला की भाषा गेली. आणि तो फाँट ज्या साधनाबरोबर मिळे, ते साधन आता कोणत्याही यंत्रावर चालायला तयार नव्हते. किल्ली दुकानदाराकडे, आणि दुकान बंद.

आम्ही ते रूपांतर करायला बसलो. कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, याची यादी केली. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाईप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवावी लागली. चार महिन्यांनी मजकूर वाचता येऊ लागला. वाचताना एके ठिकाणी आम्ही थांबलो. वडील तरुणपणी सातपुड्यात हिंडलेले. त्यांनी लिहिले होते, 'सातपुड्याच्या दऱ्या पावसाळ्यात पाहाव्यात.' आमच्या रूपांतराने तेथे 'दर्या' करून ठेवला होता. सातपुड्यात समुद्र! ऱ्याचा हा चंद्रकोरीसारखा आकार आम्हा मराठी माणसांचा. तो आम्हीच यादीत घालायला विसरलो, तर दुसरा कोण आठवण ठेवणार?

तेव्हा आम्हाला कळले की, लिनक्सवर मराठी नीट उमटते ते कोणाच्या तरी कष्टांमुळे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु 'ॲ' हे अखंड अक्षर तेथे २००८ साली दाखल झाले. मुंबईच्या इंडिकट्रान्स मंडळींनी गार्गी फाँट खुला केला. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित फाँट खुले केले, आणि त्यांवर पुढे पुण्यातल्या अभियंत्यांनी मेहनत घेतली. सीडॅक या सरकारी संस्थेने २००७ साली बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली. उघडी वही असल्यामुळेच हे शक्य झाले. बंद वहीत कोणाची परवानगी मागत बसणार?

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. पाचोरा ते जामनेर अडीच फुटी रुळांची छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबेपर्यंत चालत होती. जिव्हाळ्याची गाडी; पण भुसावळला निघालेल्या जामनेरकराला पाचोऱ्यास उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, मोठ्या रुळांच्या गाडीत बसावे लागे, कारण रूळ निराळे. आपण लिहिलेला मजकूरही असाच कोणत्या ना कोणत्या रुळावर चढविलेला असतो. तो सर्वांच्या रुळावर असला तर पन्नास वर्षांनीही पुढे जाईल. एकट्या कंपनीच्या रुळावर असला तर जेथे कंपनी थांबेल तेथे तो उतरेल. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी व घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली, आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. तो कागद कोणालाही वाचता येत होता म्हणून हे घडले. आज आपल्या घरातली एखादी आजी ओव्या सांगत असेल, तर त्या कोणत्या वहीत उतरवायच्या, हा आपला प्रश्न आहे.

आणखी एक निकडीची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. तिच्या पुढच्या आवृत्तीला यंत्रात ठराविक सुरक्षा-चकती आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेली पुष्कळ यंत्रे केवळ आपल्या कारभाऱ्याने हात झटकले म्हणून अडगळीत निघाली आहेत. आपल्या शाळांत, वाचनालयांत, घरांत अशी यंत्रे असतील. ती भंगारात घालण्यापूर्वी लिनक्सवर एकदा चालवून पाहा, एवढीच आमची विनंती. केरळातल्या सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुलांना खुल्या प्रणालीवर शिकविले आहे. तेथील मुले त्यामुळे कोठे अडून राहिल्याचे ऐकिवात नाही.

मात्र आमच्यासारखी फजिती होऊ नये म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. त्यात मूळ डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, पडदा आणि झाकण मिटून पुन्हा उघडणे, एवढे तपासावे. प्रिंटर घेण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो काय, हे दुकानदाराला विचारावे. दुकानदार हसेल, पण दहा जणांनी विचारले की तो कंपनीला विचारील. दीर्घ देखभालीची आवृत्ती घ्यावी, रोज नवी चव पाहू नये. महत्त्वाच्या फायलींच्या दोन नकला ठेवाव्यात. आणि विंडोजवर राहणार असाल तरी मराठी युनिकोडमध्येच लिहावी. हे शेवटचे पथ्य सर्वांत मोठे. लिनक्स नाही घेतले तरी चालेल, पण आपली अक्षरे दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नका.

आमच्या घरातला प्रिंटर अजूनही अधूनमधून रुसतो. पण गेल्या दिवाळीत वडिलांच्या आठवणींच्या पाच प्रती त्याच्यावरच छापून आम्ही भावंडांना दिल्या. धाकट्या बहिणीने पहिलेच पान उघडले आणि मोठ्याने वाचू लागली. सातपुड्याच्या दऱ्या तिला अचूक वाचता आल्या. आमच्या चौदा वर्षांच्या मनस्तापाची फेड झाली.