उसने ज्ञान आणि त्याची नोंद



हिनकलच्या जवळच, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आणून दिली. शामशास्त्री यांनी ती संपादून १९०९ साली प्रसिद्ध केली आणि ती कोणाकडून आली, हेही नमूद केले. त्यामुळे त्यांचे श्रेय उणावले नाही. उलट त्यांच्या कार्याची विश्वासार्हता वाढली.

आज शोधनिबंध नियतकालिकाकडे येताच संगणकाद्वारे त्याची इतर लेखनाशी तुलना होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. परंतु संगणक शब्द जुळवून पाहतो. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून मांडला, तर तो सहज निसटतो. तेथे पहारा असतो तो सदसद्विवेकाचाच.

हा विवेक पीएच.डी.च्या वेळी एकाएकी उगवत नाही. पाचवीच्या प्रकल्पवहीत मोबाइलवरून उतरवलेल्या उताऱ्याला घरी शाबासकी मिळते, तेव्हाच तो कोमेजू लागतो. म्हणून गुणांची चौकशी करण्याआधी ‘हे कुठून घेतलेस?’ असे पालकांनी प्रेमाने विचारावे. घेतलेल्याची नोंद ठेवणारे मूलच पुढे स्वतःचे काही निःशंकपणे मांडू शकते.