पोटगीचा आकडा आणि घरातले कागद
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या सल्ला केंद्रात बाई येते तेव्हा आपण मारहाणीबद्दल विचारतो, सासरबद्दल विचारतो, मुलांबद्दल विचारतो. नवऱ्याच्या पैशाबद्दल मात्र "काय करतो, किती मिळवतो?" एवढंच. ती म्हणते, "ते मला कधी सांगितलंच नाही." आपण तसं लिहून घेतो. मीही कितीतरी वर्षं तसंच लिहीत होते.

मग एक बाई आली. लग्नाला अकरा वर्षं झालेली. नवऱ्याने कोर्टात सांगितलं, "भावाच्या दुकानात कामाला आहे, महिना आठ हजार मिळतात." अंतरिम पोटगी ठरली दीड हजार. ती मला म्हणाली, "ताई, आठ हजार तर नुसत्या ट्रॅक्टरच्या भाड्याचे यायचे!" ट्रॅक्टरचा उल्लेख आमच्या एकाही कागदात नव्हता, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

महाराष्ट्रात घटस्फोट झाला म्हणून बाईला नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. आपल्याकडे तसं नाही. आपल्या हाती उरतं स्त्रीधन आणि पोटगी. आणि पोटगी ठरते उत्पन्नावर. म्हणून उत्पन्न लपवणं म्हणजे मुलांच्या ताटातलं काढून घेणं.

4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नवऱ्याने ते चार आठवड्यांत द्यायचं. तो टाळाटाळ करत राहिला तर त्याचा बचाव कोर्ट रद्द करू शकतं. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे; त्यात जमीन, पीक, गुरंढोरं येतात. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच आहे. पण 2023 मध्ये या निकालाची आठवण न्यायालयाला पुन्हा करून द्यावी लागली. तेव्हा आपल्या वकिलांना आपणच विचारायचं, "प्रतिज्ञापत्र मागितलंत का?"

त्याने खोटं लिहिलं तर ते उघडं कसं पाडायचं? बाईला काही ठाऊक नसतं, असं आपण समजतो. तसं नसतं. चहा ठेवा, आणि विचारत जा. घरी विमा एजंट कोण यायचा? कुठल्या बँकेचं पासबुक कपाटात होतं? गाडीचा हप्ता कोण भरायचं? भिशी कुणाकडे? मुलांची फी किती? खोली भाड्याने दिली होती का? उत्तरं निघतात. मग सातबारा आणि आठ-अ काढता येतो, शहरात मिळकत पत्रिका काढता येते. बँकेचे उतारे आणि आयकराचे कागद हजर करायला लावा, असा अर्ज वकिलामार्फत कोर्टाकडे करता येतो.

आता एक अवघड गोष्ट. प्रतिज्ञापत्र बाईलाही द्यायचं असतं. शिवणकामाचे तीन हजार मिळत असतील तर ते लिहायचे. "ताई, नाही लिहिलं तर?" असं विचारतात. मी स्पष्ट सांगते, लिहायचं. बाई थोडंफार कमावते म्हणून पोटगीचा हक्क जात नाही. पण लपवलेलं उघडं पडलं, की तिच्या खऱ्या बोलण्यावरही कोर्ट शंका घेतं. नवऱ्याकडून आपण जे मागतो, ते आधी आपण करायचं.

त्या बाईच्या प्रकरणात आम्ही पुन्हा अर्ज केला. ट्रॅक्टरचे कागद मागवले. निकाल अजून यायचा आहे. पण मागच्या तारखेला ती वकिलांच्या शेजारी उभी राहून स्वतः आकडे सांगत होती.

आजपासून केंद्राच्या नोंदवहीत एक पान पैशाचं ठेवू या. आणि ज्यांचा संसार नीट चालला आहे, त्या मैत्रिणींनाही सांगू या. घरातले कागद कुठे आहेत ते बघून ठेवा. त्यात संशय नाही, तो आपला हक्क आहे.