लग्नपत्रिकेच्या पाठीवर येसर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळ्यात लग्नतिथी दाट असल्या की आमच्या वडीगोद्रीत घरोघर पत्रिकांचा ढीग पडतो. गाव सोलापूर-धुळे रस्त्यावरचं. बीडकडचे सोयरे, संभाजीनगरकडचे सोयरे, सगळेच जाता-जाता पत्रिका देऊन जातात. लग्न झालं की तिचं करायचं काय? वर गणपती, आत वडीलधाऱ्यांची नावं. कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. मी त्यांची स्वयंपाकाची कार्डं केली.

जाड पत्रिकेची मागची बाजू बहुधा कोरी असते. गणपतीचा भाग कापून वेगळा ठेवायचा आणि उरलेल्याचे पोस्टकार्डाएवढे, म्हणजे १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद, असे तुकडे करायचे. चकचकीत पत्रिका सोडून द्या, तिच्यावर पेन घसरतं. शाईचं किंवा जेलचं पेन नकोच. ओला हात लागला की अक्षरं पसरतात. साध्या बॉलपेननं लिहावं आणि वरून मेणबत्ती घासावी, पाण्याचा थेंब चटकन मुरत नाही. नव्या शर्टाची प्लॅस्टिकची पिशवी कापून कार्डाला घातली तर आणखी चांगलं. ठेवायला मिठाईचा रिकामा खोका. खर्च काय तो पेनाचा आणि मेणबत्तीचा. लॅमिनेशन मात्र करू नका. पैसे जातात ते जातातच, शिवाय पुढं दुरुस्ती करता येत नाही, आणि दुरुस्ती होतेच.

कार्ड करणं सोपं. त्यावर लिहिणं अवघड, हे मला येसरानं शिकवलं.

येसर मराठवाड्याबाहेरच्या श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल. हरभऱ्याची डाळ, बाजरी, गहू, धने, मिरच्या आणि मसाला वेगवेगळा भाजून एकत्र दळलेलं हे पीठ. त्याची आमटी लग्नकार्यात लागतेच. आमच्या घरी येसर करायच्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. १९५८ सालापासून देशात किलो-ग्रॅम यायला लागलं, पण त्यांचा हिशेब शेवटपर्यंत पायलीचा: पायलीचे चार शेर, शेराची चार चिपटी. आणि त्याहून कमी असेल तर मूठ.

आता मूठ कार्डावर कशी लिहायची? कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी नव्या सुनांची सोय झाली. मीही वाटीच घेतली. आत्याबाईंनी मूठ भरली की मी मध्येच ताट धरायची. “अगं, पडू दे ना कढईत!” त्या करवादायच्या. ताटातलं वाटीत ओतून पाहिलं, तर त्यांच्या तीन मुठींची एक वाटी झाली. माझ्या अडीचच मुठी लागल्या. इतकी वर्षं माझं येसर का बिघडायचं, ते त्या दिवशी कळलं.

वाटीही घरोघरी वेगळी. आमची वाटी माझ्या आईचं नाव कोरलेली, ती काही लेकीबरोबर सासरी जायची नाही. म्हणून किराणा दुकानात नेऊन वजन करून घेतलं. तिच्यात दीडशे ग्रॅम डाळ मावते. एवढं एकदा केलं की बाकीची कार्डं त्याच वाटीवर लिहिता येतात.

पहिलं कार्ड लिहिलं ते पुस्तकासारखं. वर साहित्य, खाली कृती. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “गहू आधी कुठं भाजतेस? आधी डाळ. तिला मंद आच लागती. मग बाजरी, मग गहू. मिरच्या सगळ्यात शेवटी, नाहीतर ठसक्यानं पुढचं काही सुधरत नाही. आन् जिरं विझल्या चुलीवर.” मी कार्ड फाडलं. दुसऱ्यावर ज्या क्रमानं जिन्नस कढईत पडतो त्याच क्रमानं लिहिलं, आणि वेळेऐवजी खूण: डाळ तांबूस, बाजरी तडतडेपर्यंत. आमटीच्या ओळीत त्यांनी एक भर घातली: येसर आधी गार पाण्यात कालवावं आणि मगच उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. खाली त्यांचं नाव घातलं. ते मात्र त्यांनी बोट लावून, कुठं आहे म्हणून दोनदा विचारलं.

त्यानंतर वर्षभरात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. घरात भाकरी, भाजी सगळ्यांना येते; येसर फक्त त्यांना येत होतं.

यंदा वैशाखात पुतणीचं लग्न निघालं. जाऊबाई म्हणाल्या, विकतचं आणू. मी खोक्यातून कार्ड काढलं, सगळं पाचपट घेतलं आणि भाजायला बसले. गिरणीतून दळून आणलं, थोडी आमटी केली आणि वाटीत घेऊन आत्याबाईंच्या खाटेशी गेले. त्यांनी दोन घोट घेतले. मान हलवली, पण पसंतीची नव्हे. मी मसाल्याचा डबा आणून एकेक वाटी त्यांच्यापुढं धरत गेले. मिरची, नाही. जिरं, नाही. धन्यांवर त्यांनी डावा हात ठेवला.

कार्डावर धने अर्धी वाटी होते. ते खोडून पाऊण केले आणि शेजारी यंदाचं साल घातलं.